पानी, धुका, ताक, दही

जनूकाकांबद्दल लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा त्यांच्या घरच्या जेवणापासूनच सुरुवात झाली. आता चौथ्यांदाही तिथूनच करते. दुसरं काही मला जमेलसं वाटत नाही.

जनूकाका मिठागरावर काम करायचे आणि त्यांच्या घरात मीठ नव्हतं. आमचं गाव पेणच्या पलीकडे, खाडीला लागून आहे. बाकीच्यांनी मिठागरं सोडून डंपर घेतले, कुणी बंदरातल्या गोदामांत लागले. काका मात्र गावात उरलेल्या एकुलत्या मिठागरावर टिकून होते. दिवसभर वाफ्यांत उभं राहून त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ बसायचं. घरी आले की ते आधी त्यांच्या आणि आमच्या शेजारच्या घरामधल्या दगडावर बसून पाय धुवायचे. नखांच्या कडासुद्धा काडीने कोरून काढायचे. त्यांची मुलगी सानिका चार वर्षांची असताना तिने एकदा त्यांच्या पायाला चिकटलेला खडा चाटला होता. तेव्हापासून हे पाय धुणं सुरू झालं.

सानिकाला किडनीचा आजार होता. किडनीची चाळणी सैल पडते आणि रक्तातलं प्रथिन लघवीवाटे जायला लागतं, असा तो आजार. मग अंगावर सूज येते. गोळ्या दिल्या की उतरते, काही महिन्यांनी पुन्हा येते. सूज असेल तेव्हा मीठ कमी द्या, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांनी सगळ्या घराचं मीठ बंद केलं, आणि कायमचं केलं. सूज नसताना थोडं चालेल असं डॉक्टर पुढे म्हणाले, तरी ऐकलं नाही.

"मना मीठ म्हाईत हाय," ते म्हणायचे. "थोडा थोडा करूनच तं येतंय."

भारतीकाकी, म्हणजे त्यांची बायको, सात वर्षं अळणी जेवल्या. काकांची बहीण माहेरपणाला यायची ती कमरेला मिठाची पुरचुंडी बांधून. एकदा जेवताना काकांनी ती पकडली आणि बहिणीला ताट घेऊन आमच्या घरी बसायला लावलं. ती आमच्याकडे बसून जेवली आणि जेवताना भावाला पोटभर शिव्या दिल्या. काका दारातून म्हणाले, "दे, दे. शिव्यांना मीठ लागत न्हाय."

सकाळचं त्यांचं काम ठरलेलं होतं. तालुक्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना एक काचेची परीक्षानळी दिली होती आणि रीत शिकवली होती. सकाळची लघवी नळीत घ्यायची, वरचा अर्धा भाग दिव्यावर तापवायचा, दोन-तीन थेंब व्हिनेगर टाकायचं. प्रथिन जात असेल तर वरचा भाग पांढरा होतो. किती पांढरा, हे बघायला नळीमागे वर्तमानपत्र धरून अक्षरं दिसतात का पाहायचं. काकांचं वाचन चौथीपर्यंतचं. त्यांनी वर्तमानपत्र सोडून दिलं आणि नळी समोरच्या नारळासमोर धरायला सुरुवात केली. नारळाच्या झावळ्या नीट दिसल्या तर 'पानी'. पुसट दिसल्या तर 'धुका'. झाड दिसेनासं झालं तर 'ताक'. आणि नळीत पांढरे गोळे धरून खाली बसायला लागले तर 'दही'. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते प्रत्येक तारखेला खूण करायचे. लागोपाठ तीन दिवस दही आलं की गोळ्या सुरू करायच्या, असं डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलं होतं.

मिठागरावर पाण्याकडे नुसतं बघून मीठ कधी धरेल ते काका सांगायचे. त्यांचं ते बघणं नळीलाही लागू पडलं. कधीकधी मी दात घासत उभी असायची आणि ते नळी उजेडात धरून एक डोळा मिटून बघत असायचे. माझी आई वैतागायची.

"सकाली सकाली काय रटरटवतोस रं जनू? आमाला चा प्यायचा हाय."

"तुझ्या चापेक्षा बरा हाय, वैनी. साखर तरी न्हाय यात."

सानिका आतून ओरडायची, "बाबा, आज काय? लस्सी?"

तिची जीभ बापापेक्षा तिखट होती. गोळ्यांनी तिचं तोंड गोल व्हायचं, गाल वर येऊन डोळे बारीक व्हायचे. शाळेत तिला भोपळा म्हणायचे. एकदा ती रडत आली तेव्हा काकांनी तिला समोर बसवलं आणि शिकवलं, "सांग त्यांना, माझा तोंड गोलीनं झालाय, गोली संपली का जाईल. तुमचा तं तसाच रहानार हाय." दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी काकांना बोलावून घेतलं. काका गेले आणि बाईंना म्हणाले, "चुकली ती. तुमच्यासमोर न्हाय बोलायला पायजे व्हता."

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं तिच्याशी जोडलेलं आहे असं मला वाटतं. तालुक्याच्या लॅबमधून एकदा रिपोर्ट आला की लघवीत प्रथिन अजिबात नाही. काकांच्या नळीत त्या सकाळी दही होतं. ते तडक लॅबवर गेले, पिशवीत नळी, स्पिरिटचा दिवा आणि व्हिनेगरची बाटली घेऊन. तिथल्या टेबलावर त्यांनी उरलेली लघवी तापवून दाखवली.

"बगा. ह्या दही हाय. तुमच्या कागदावर पानी हाय."

"काका, मशीन खोटं बोलत नाही," लॅबवाला म्हणाला.

"मशीन कुठं बोलतंय? तुमीच बोलताय."

शोधल्यावर कळलं, त्या दिवशी दुसऱ्या एका सानिकाची बाटली आली होती आणि चिठ्ठ्या बदलल्या होत्या. त्यानंतर लॅबवाला काकांना बसायला खुर्ची द्यायचा. गावात ही गोष्ट वर्षभर चालली. काका स्वतः ती सांगत नसत, पण कुणी सांगायला लागलं की हातातलं काम थांबवून ऐकत. मला आता वाटतं, त्या दिवशी ते जिंकले हे चांगलं झालं नाही. त्यानंतर त्यांचा आपल्या डोळ्यांवर फारच विश्वास बसला.

मी बारावीला होते तेव्हा सानिकाचा आजार एकदा फार वाढला आणि तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दोन आठवडे ठेवावं लागलं. ती बरी होऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी काका फाईल घेऊन आमच्याकडे आले. चप्पल बाहेर काढली, हात धुतले आणि मगच फाईल माझ्यासमोर ठेवली. आमच्या आळीत सायन्सला गेलेली मी पहिली. आमच्या घरात तर दहावीच्या पुढे गेलेलीच मी पहिली.

"बाय, यो वाच. इंग्रजीत हाय. काय काय करायचा ता सांग."

मी वाचलं. कुठली गोळी किती वेळा, किती दिवसांनी कमी करायची, पुन्हा कधी दाखवायचं, हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते बोटांवर मोजत, मनात ठेवत गेले. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. त्यात अँटिथ्रॉम्बिन असा शब्द होता, थ्रॉम्बोसिस होता, आणखी दोन-तीन असे शब्द होते की ते मोठ्याने वाचायचीही मला भीती वाटली. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या मागे माझे बाबा उभे होते, आणि बाबांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा जो अभिमान होता तो मी आधी कधी पाहिला नव्हता.

"आन ह्या काय हाय, खाली?" काकांनी बोट ठेवलं.

"ते डॉक्टर लोकांसाठी लिहिलेलं असतं, काका," मी म्हणाले.

"बरा बरा," ते म्हणाले. फाईल बंद करून कपाळाला लावली.

मला येत नाही, एवढे तीन शब्द मी म्हणाले असते तर त्यांनी दुसरं कुणी शोधलं असतं. ते तसे माणूस होते.

चार महिन्यांनी, थंडीत, सानिकाला जुलाब झाले. दोन दिवसांनी जुलाब थांबले आणि सूज आली. नळीत दही, तीन दिवस दही. काकांनी कार्डाप्रमाणे गोळ्या सुरू केल्या. पाणीही कमी केलं. अंगात पाणी साठलंय तर वरून आणखी कशाला घालायचं, असा त्यांचा हिशेब. मीठ धरवायचं तर नवं पाणी वाफ्यात घ्यायचं नाही, हे ते लहानपणापासून करत आले होते. सानिका ओठ चाटत पडून असायची. मग तिचा डावा पाय दुखायला लागला. मांडीपासून खाली सुजला, उजव्यापेक्षा जास्त. सूज तर अंगावर होतीच, म्हणून त्याचं कुणाला वेगळं वाटलं नाही.

आमच्याकडे कुठलाही दुखरा भाग मिठाने शेकतात. जाडं मीठ तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि शेकायचं. शेकून झालं की खोबरेल लावून चोळायचं. कुणाची कंबर धरली की लोक काकांकडेच यायचे. त्यांचा हात चांगला होता. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घरात मीठ आणलं. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्यांनी मुलीचा पाय शेकला आणि चोळला. मी अभ्यास करताना ऐकत होते. सानिका म्हणत होती, "हलू, बाबा, हलू." आणि काका म्हणत होते, "झाला, झाला, आता उतरंल."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना. माझे बाबा टेम्पो चालवतात. त्यांनी टेम्पो काढला. कागद वाचायला लागतील म्हणून काकांनी मलाही बसवलं. तालुक्याला तिला ऑक्सिजन लावला आणि तिथल्यांनी अँब्युलन्स देऊन मुंबईला पाठवलं. आम्ही मागून गेलो.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काकांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवून, स्वतःही शेजारी बसून सांगितलं. इतकं कुणी बसून सांगितल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"रक्त गोठवणारी द्रव्यं असतात, तशी ते गोठणं आवरून धरणारीही असतात. त्या आवरणाऱ्यांतलं एक मोठं म्हणजे अँटिथ्रॉम्बिन. लघवीतून जे पांढरं जातं ना, त्याच्याबरोबर तेही वाहून जातं. गोठवणारी मात्र मागे राहतात, वर आणखी वाढतात. त्यात जुलाबाने तिच्या अंगातलं पाणी गेलं, रक्त घट्ट झालं. पायाच्या शिरेत गाठ झाली आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला."

तो शब्द ऐकला आणि मला फाईलमधलं पान दिसलं.

काका म्हणाले, "म्हंजी खांड पडली."

बाईंना कळलं नाही. काकांनी सांगितलं, खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून आमच्याकडे बांध असतो, तो फुटला की खांड पडली म्हणतात. "बांध फुटला, आन राखनदारच वाहून गेलं."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच."

"मंग ह्या दही मी सात वर्सां बगतंय, त्यात ता पन व्हता?"

"होता."

"ता दिसत न्हाय."

"नाही, काका. ते वेगळं दिसत नाही."

मग काकांनी विचारलं, औषध काय चालू आहे. बाई म्हणाल्या, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन चालू आहे, पण ते इंजेक्शन त्या अँटिथ्रॉम्बिनलाच हाताशी धरून काम करतं आणि तिच्याकडे तेच कमी आहे.

"म्हंजी कोयता दिलाय, पन धरनारा मानूस न्हाय."

"म्हणून तिला प्लाझ्मा देतोय. रक्तातला पातळ भाग. त्यातून थोडं मिळेल."

"माझा घ्या. सगला घ्या."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी शेवटचं विचारलं ते अगदी हळू. "मी मिठानं शेकला पाय. चोलला. त्यानं झाला?"

बाई म्हणाल्या, "गाठ आधीच झालेली असणार. चोळायला नको होतं. पण त्यानेच झालं असं मी नाही सांगू शकत."

सानिका तीन दिवस होती. तिसऱ्या दिवशी सकाळी भारतीकाकींनंतर मला आणि काकांना एकेक करून आत सोडलं. काका आत होते तेव्हा मी काचेतून बघत होते. तिच्या खाटेला खाली लघवीची पिशवी लटकत होती. काका वाकले, पिशवी दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून बघायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "अहो, काका, ठेवा ती खाली." काकांनी ठेवली. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "तापवल्याबिगर कलत न्हाय." दुपारी ती गेली. अकरा वर्षांची होती.

त्यानंतर काका मिठागरावर गेले, घरी आले, जेवले, सगळं केलं. कुणाशी भांडले नाहीत. कॅलेंडर कुणी काढलं मला माहीत नाही.

मी बारावीनंतर लॅबच्या कोर्सला गेले. पहिल्या वर्षी रक्त गोठण्याचा धडा आला. सरांनी फळ्यावर आकृती काढून शेवटी सांगितलं की मुलांच्या या किडनीच्या आजारात अँटिथ्रॉम्बिन लघवीवाटे जातं, परीक्षेला विचारतात, लिहून घ्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. त्या रविवारी मी गावी गेले आणि काकांना म्हणाले, "ती फाईल आहे का?"

त्यांनी ती आणली. मी शेवटचं पान काढलं आणि सांगितलं की त्या दिवशी मला हे कळलं नव्हतं आणि मी खोटं बोलले. भारतीकाकी चुलीशी होत्या, त्या तशाच पाठमोऱ्या राहिल्या.

"काय लिवलाय?" काकांनी विचारलं.

मी वाचून, मराठीत करून सांगितलं. "रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन कमी आहे. गाठ होण्याचा धोका आहे. एकच पाय सुजला, दुखला, किंवा दम लागला तर थांबू नका, लगेच आणा. जुलाब-उलटी झाली तर पाणी तोडू नका, डॉक्टरांना विचारा."

"इतकाच?"

"हो."

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी 'एकच पाय' या शब्दांना त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आपल्या दोन तळव्यांकडे बघत राहिले. मला वाटलं ते काहीतरी बोलतील, मला शिवी देतील, मग बरं वाटेल. ते म्हणाले, "जा बाय. तुझी गाडी चुकंल." त्यांनी मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते यंदा. कोर्सच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला शहरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात शिकायला पाठवलं होतं. मंगळवारी तिथे किडनीच्या आजाराची मुलं तपासतात. मी रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेऊन व्हरांड्यातून चालले होते आणि काका दिसले. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. बाकावर एक बाई सुजलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. काका तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले होते.

"दोनी पाय सारखं हायत का गो?" ते विचारत होते. "बगू."

बाईने मुलाचे पाय पदराखाली ओढून घेतले. "कोण तुम्ही?"

"कोन न्हाय."

"मग हात कशाला लावता पोराला? ओ वॉचमन!"

वॉचमन आला. त्याच्या बोलण्यावरून कळलं, काका तिथे आधीही आलेले होते. "आजोबा, पुन्हा आलात? सांगितलं ना तुम्हाला? चला, उठा." काका गुडघ्यावर हात टेकून उठले. बाईला नमस्कार केला. वाद घातला नाही. जाताना मागे न बघता एवढंच म्हणाले, "एकच सुजला तं थांबू नका. दुकला तरी चोलू नका."

मी हाक मारायला हवी होती. हातात ट्रे होता, आणि खरं सांगायचं तर मला धीर झाला नाही. काका पायऱ्या उतरून फाटकाकडे गेले, रिक्षांच्या मागे गेले आणि दिसेनासे झाले.

ती बाई अजून पुटपुटत होती. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर बाजूला केला आणि मुलाचे दोन्ही पाय मांडीवर सरळ करून एकमेकांशेजारी ठेवले.